न्यूट्रल गेला हो!

मुंबईत लाइट जात नाही, हे वाक्य मुंबईकर पुण्या-नाशकाच्या पाहुण्यासमोर ज्या थाटात म्हणतो, त्या थाटात तो पोटच्या पोराच्या मार्कांबद्दलही बोलत नाही. अख्खा महाराष्ट्र भारनियमनात होरपळत होता, त्या वर्षांत आम्ही माहीमकर पेपरात भारनियमनाचं वेळापत्रक वाचून हळहळायचो. "बिचारे! भर दुपारी, आणि रोज!" असं म्हणायचो, आणि पेपर फार फडफडतो म्हणून पंखा एक नंबरने कमी करायचो.

या लाडाचा परिणाम असा झाला, की वीज या विषयात आम्ही ढ राहिलो. नाशिकची माझी मामेबहीण लाइट गेली की कुठला फेज जिवंत आहे ते बघते, चेंजओव्हर फिरवते आणि हात पुसत परत पोळ्यांना लागते. मोटर आत्ता लावायची की थांबायचं, हे तिला पंख्याच्या आवाजावरून कळतं. माहीममध्ये लाइट गेली तर माझा इंजिनिअर नवरा खिडकीत जातो आणि समोरच्या बिल्डिंगकडे बघतो. "आपलीच गेली की सगळ्यांची?" हे एवढंच त्याचं निदान. सगळ्यांची गेली असेल तर घरात समाधान पसरतं. आपलीच गेली असेल तर विजेची गैरसोय राहते बाजूला, आधी अपमान वाटतो.

आमच्या अभिमानाला भूगोलाचीही साथ आहे. बेस्टच्या विजेचा इलाखा कुलाब्याला सुरू होतो आणि इकडे माहीमला, तिकडे सायनला संपतो. खाडी ओलांडून वांद्र्यात पाऊल टाकलं की कंपनी बदलली. तिथे आज अदानी, २०१८ पर्यंत रिलायन्स, आणि त्याही आधी १९२९ साली निघालेली बीएसईएस. टाटांचीही वीज आहेच. मुलुंड-भांडुपला महावितरण. त्यामुळे माहीमच्या कॉजवेवर नुसता पिनकोड आणि घरभाडं बदलत नाही, लाइटचं बिलही बदलतं. बेस्ट ही १९०५ सालची, वीज आणि ट्राम अशा दोन कामांसाठी निघालेली कंपनी. १९०७ च्या मे महिन्यात तिची पहिली विजेची ट्राम धावली. ७ ऑगस्ट १९४७ ला, म्हणजे देश स्वतंत्र व्हायच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेच्या ताब्यात आली. १९६४ मध्ये ट्राम गेली. पण आमच्या स्वयंपाकघरातली ट्यूब आणि एल. जे. रोडवरून जाणारी लाल बस अजूनही एकाच घराण्यातल्या आहेत, आणि हे वांद्रेकरांना सांगण्यात एक आनंद असतो.

शिवाय इथल्या तारा जमिनीखालून जातात. गावाला वादळात खांब आडवा होतो, तार लोंबते, निदान काय झालं ते दिसतं तरी. आमच्याकडे वीज भिंतीतल्या बोर्डातून उगवते, यापलीकडे तिच्याबद्दल कुणाला काही ठाऊक नसतं. रस्ता खणणारे सोडून. आता तर २०२५ च्या मे महिन्यापासून शीतलादेवी मंदिर स्टेशनची मेट्रोही खालूनच जाते. म्हणजे माहीममध्ये वरच्यापेक्षा खालीच जास्त सोयी झाल्या.

हा अभिमान एकदा मात्र चारचौघांत उतरला. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमाराला कळवा-पडघा भागातल्या मोठ्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई ठप्प झाली. लोकल जिथल्या तिथे. बाहेरच्या ग्रिडमध्ये गडबड झाली तर मुंबईने स्वतःला तोडून घेऊन विजेपुरतं बेट व्हायचं, अशी व्यवस्था १९८१ पासून आहे. माहीम तर मूळच्या सात बेटांतलंच एक, बेट होण्याचा आमचा अनुभव दांडगा. त्या दिवशी ते काही जमलं नाही.

तेव्हा मला एक गोष्ट नीट लक्षात आली. लाइट जाण्याला सगळे घाबरतात, पण उपकरणं मरतात ती लाइट येताना. लाइट आली की गल्लीतले सगळे फ्रिज, सगळे एसी, पाण्याचे सगळे पंप एकदम उठतात आणि दाब खाली-वर होतो. म्हणून लाइट गेली की सगळे स्विच बंद करून ठेवावेत, हे साधं शास्त्र. पण सगळे स्विच बंद केले तर लाइट आलेली कळणार कशी? म्हणून आम्ही सगळे स्विच चालू ठेवूनच वाट बघत बसतो.

आमच्या घरात रक्षण करायच्या वस्तूंपेक्षा रक्षक जास्त आहेत. हे खातं नवऱ्याचं, आणि ते त्याला वारशाने आलंय. मुंबई दूरदर्शन १९७२ च्या गांधीजयंतीला सुरू झालं, त्यानंतर काही वर्षांनी माझ्या सासरी शटरचा टीव्ही आला आणि त्याच्याबरोबर एक स्टॅबिलायझर. पत्र्याचा, जड, पुढे काटा. टीव्हीला क्रोशाचं कव्हर, स्टॅबिलायझरला क्रोशाचं धाकटं कव्हर. त्या काळात दाब उतरला की पडद्यावरचं चित्र चारही बाजूंनी आकसायचं. बातम्या देणारी बाई बघता बघता रोड व्हायची. मग स्टॅबिलायझर 'टक्' करायचा आणि ती परत अंगाने भरायची. हे टक् म्हणजे आतला रिले ट्रान्सफॉर्मरच्या एका वेढ्यावरून दुसऱ्यावर जातो त्याचा आवाज. माझे सासरे त्या आवाजानंतर सगळ्यांकडे असे बघायचे, की बाईंचं वजन त्यांनी स्वतः वाढवलंय.

फ्लॅट टीव्ही आला तेव्हा तो बसवायला आलेल्या मुलाने सांगितलं, "काका, याला स्टॅबिलायझर लागत नाय. मागे लिहिलंय बघा, शंभर ते दोनशे चाळीस." स्टॅबिलायझर भंगारवाल्याकडे गेला. आत तांबं होतं म्हणून भाव बरा आला. दाब फारच चढला तर तो टीव्हीची वीजच तोडून टाकायचा, हा त्याचा एक गुण होता. पण त्याने तो कधी बोलून दाखवला नव्हता.

आता फ्रिजला वेगळा स्टॅबिलायझर आहे. तो लाइट आल्यावर तीन मिनिटं थांबून मगच फ्रिज चालू करतो, कारण कॉम्प्रेसरमधला गॅस दोन्ही बाजूंना सारखा व्हायला तेवढा वेळ लागतो. आमच्या घरात फ्रिज बिघडल्याची बोंब उठते ती अडीचाव्या मिनिटाला. कॉम्प्युटरला यूपीएस आहे. त्याची बॅटरी केव्हाच मेली, पण शिटी जिवंत आहे. आणि प्रत्येक खोलीत एक-एक स्पाइक गार्ड.

हा स्पाइक गार्ड आणण्यासाठी नवरा लोहार चाळीत जातो. मुंबईच्या माणसाला विजेचं काहीही हवं असलं की तो क्रॉफर्ड मार्केटच्या त्या अंगाला वळतोच. एकदा मीही गेले. दुकानदाराने तीन पट्ट्या काउंटरवर ठेवल्या.

"ये एक्स्टेंशन, ये स्पाइक, ये सर्ज."

"तिघांत फरक काय?" मी विचारलं.

"एक्स्टेंशन दोनसौ, स्पाइक चारसौ, सर्ज आठसौ."

"तसं नाही हो, आत काय फरक असतो?"

"ताई, आत तर मी पन कधी बघितला नाय. सर्जवाल्याला बाहेर हिरवी बत्ती हाय."

आम्ही तिन्ही घेऊन आलो आणि नवऱ्याने रात्री जेवणाच्या टेबलावर तिन्ही उघडले. एक्स्टेंशनमध्ये पितळेच्या तीन पट्ट्या. बस्स. स्पाइक गार्डमध्ये त्याच तीन पट्ट्या, स्विचमध्ये एक लाल दिवा आणि कोपऱ्यात, दोन तारांच्या पायांवर उभी, रुपयाच्या नाण्याहून लहान अशी निळी चकती. नवऱ्याने सासूबाईंचं भिंग आणून तिच्यावरची अक्षरं वाचली: १४डी४७१के. चौदा म्हणजे चकतीचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ४७१ म्हणजे सत्तेचाळीसवर एक शून्य, ४७० व्होल्ट. हिचं नाव मेटल ऑक्साइड व्हॅरिस्टर, बाजारात एमओव्ही. दाब बेताचा असेल तोवर ही काहीही करत नाही, वर्षानुवर्षं नुसती उभी असते. दाबाचा लोंढा आला की क्षणात मधली वाट मोकळी करते, लोंढा स्वतःवर घेते आणि पुढच्या टीव्हीपर्यंत जाऊ देत नाही. दर वेळी थोडी झिजते. एक दिवस संपते. आणि गंमत म्हणजे ती संपल्यावरही स्पाइक गार्डचा लाल दिवा तसाच लागलेला राहतो, कारण त्या दिव्याचा आणि चकतीचा काडीचा संबंध नसतो. स्विच चालू आहे, एवढंच तो सांगत असतो.

सर्जवाल्यात अशा तीन चकत्या निघाल्या, आणि तो हिरवा दिवा चकत्या शाबूत असेपर्यंतच लागतो म्हणे. वरचे चारशे रुपये त्या दिव्याच्या खरेपणाचे. माझ्या मते महाग नाही. तिन्ही पट्ट्या परत बंद करताना एक स्क्रू उरला, तो कुठला हे अजून कळलेलं नाही.

लोकांना वाटतं, हा सगळा बंदोबस्त आकाशातल्या विजेसाठी असतो. मुंबईत ती कडाडते जूनच्या तोंडाला आणि ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात. मधला पाऊस बहुतेक मुकाट पडतो. तिचा बंदोबस्त आमच्याकडे सासूबाई बघतात. त्या मूळच्या देवरुखच्या. पहिला गडगडाट कानावर आला की त्या हातातलं काम टाकून उठतात आणि घरातले सगळे प्लग उपटतात. टीव्हीचा, फ्रिजचा, राउटरचा. डिशची वायरसुद्धा मागून पिळून सोडवतात.

"आजी, माझा अमेरिकेचा कॉल चालू आहे!" लेक ओरडते.

"मग सांग त्यांना, आमच्याकडे गडगडतंय."

शास्त्र सासूबाईंच्या बाजूचं आहे. वीज आसपास कुठेही पडली तरी लांबच लांब तारांमध्ये हजारो व्होल्ट चढतात. तार मग विजेची असो, केबलची असो, टेलिफोनची असो. लोहार चाळीतला सगळ्यात महाग रक्षकही भिंत आणि प्लग यांच्यामधल्या हातभर हवेइतका भरवशाचा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचं ॲप काढलंय, आसपास विजा पडत असतील तर ते आधी सांगतं. लेकीने ते आजीच्या फोनवर टाकून दिलं. पण ॲप बोलेपर्यंत सासूबाई सगळं उपटून खिडकीत बसलेल्या असतात, आणि फोन चार्जिंगला असतो, त्याचाही प्लग त्यांनीच काढलेला असतो.

आमच्या बिल्डिंगवर जे आलं ते मात्र आकाशातून आलं नाही. ते जिन्याखालून आलं.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. खाडीकडून वारा नाही, अंगाला कपडे चिकटलेले. आणि अचानक पंखा जोरात फिरायला लागला. "आज बरा वारा लागतोय हो," सासूबाई म्हणाल्या. देवघरातला झिरोचा बल्ब एकदम शंभराचा झाला आणि अन्नपूर्णेच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज आलं. नवरासुद्धा वर बघून म्हणाला, "कपॅसिटर सुधारला वाटतं आपोआप." अर्धा मिनिट आमच्या घरात इतकं प्रसन्न वातावरण होतं, की भांडण उकरून काढायला कुणाला विषय सुचेना. मग टीव्हीखालच्या सेट-टॉप बॉक्समधून 'फट्' असा आवाज आला, राउटरच्या अडॅप्टरमधून जळक्या प्लॅस्टिकचा वास आला आणि अन्नपूर्णा अंधारात गेली.

त्याच क्षणी शेजारच्या घरात सगळं उलटं चाललं होतं. दिवे मलूल, पंखा हाताने ढकलावा इतका मंद, एसी एकदा गुरगुरून गप्प. आम्ही सगळे दारात आलो आणि एकमेकांना आपापला उजेड दाखवू लागलो. तेवढ्यात जिन्यातून आवाज आला, "न्यूट्रल गेला हो! मेन बंद करा! सगळ्यांनी मेन बंद करा!" हे दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा. यांचं सगळं आयुष्य गिरणीच्या इलेक्ट्रिकल खात्यात गेलं. गिरणी बंद पडल्यापासून त्यांच्या हाताखाली कुणी नव्हतं. त्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग आली.

न्यूट्रल जातो म्हणजे काय होतं, ते आजोबांनी मेणबत्तीच्या उजेडात जिन्याच्या पायरीवर खडूने काढून दाखवलं. बिल्डिंगमध्ये वीज तीन फेजमधून येते आणि घरं त्या तिघांत वाटून दिलेली असतात. फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० व्होल्ट, पण एका फेजपासून दुसऱ्या फेजपर्यंत मोजलं तर ४०० च्या आसपास. सगळ्या घरांच्या विजेची परतीची वाट एकच, तो न्यूट्रल. ही वाट धड असेल तोवर कुणाचं कुणाशी देणंघेणं नसतं. ती मध्येच तुटली, की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापुढे एक जोडली जातात आणि त्या ४०० ची आपसांत वाटणी करायला लागतात. वाटणी अशी होते: ज्याच्याकडे जास्त उपकरणं चालू, त्याच्या वाट्याला कमी व्होल्ट. ज्याच्याकडे कमी चालू, त्याच्या वाट्याला जास्त.

हे पुन्हा एकदा वाचा. ज्याने एसी, गिझर, इस्त्री आणि ओव्हन एकदम लावलाय, त्याचे दिवे फक्त मंद होतात. तो वेळेवर मेन बंद करतो आणि सुटतो. ज्याने खोलीतून उठताना दिवा मालवला, "एका पंख्यात दोघं बसा" म्हणाला, गिझरचं पाणी बादलीत मोजून घेतलं, त्याचा टीव्ही जळतो. काटकसरी मराठी मध्यमवर्गाची इतकी उघड थट्टा विजेशिवाय दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यात जास्त नुकसान झालं ते तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं. त्यांच्याकडे तेव्हा एक एलईडी दिवा आणि बातम्या एवढंच चालू होतं.

आमचे रक्षक तेव्हा कुठे होते? एमसीबी करंट वाढला तर पडते. नुसता दाब वाढला तर तिला काही सोयरसुतक नाही. स्पाइक गार्डमधली चकती सेकंदाच्या लाखाव्या भागात येऊन जाणाऱ्या लोंढ्यासाठी. साडेतीनशे व्होल्ट ठाण मांडून बसले तर ती तापते आणि जळते. आमची जळली, पट्टीला काळा डाग पडला. लाल दिवा मात्र नवऱ्याने मेन बंद करेपर्यंत लागलेला होता. या रोगावर औषध वेगळं. एमसीबीच्या रांगेत बसणारी एक डबी मिळते, ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. दाब ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर गेला की ती अख्खं घर तोडते, आणि ठिकाणावर आला की जरा थांबून परत जोडते. पूर्वी हेच काम टीव्हीपुरतं करणारा एक जण आमच्या घरात होता. तो किलोच्या भावाने गेला.

दुसऱ्या दिवशी लोक भेटायला येऊ लागले.

"काय काय गेलं?"

"सेट-टॉप बॉक्स, राउटर, आणि टीव्हीचं अजून काही सांगता येत नाही म्हणतात."

"किती वर्षांचा होता?"

"नऊ."

"म्हणजे तसं झालंच होतं म्हणा. वॉरंटी?"

"ती मागेच संपली."

"शेवटी त्रास तरी झाला नाही ना? एकदम?"

"एकदम. बातम्या चालू होत्या."

"मग सुटला."

लेक राउटरसाठी जेवली नाही. म्हणजे जेवली, पण कुणाशी बोलली नाही.

वायरमन आला आणि त्याने जिन्याखालची मीटर रूम उघडायला सांगितली. किल्ली सापडायला वेळ लागला, कारण ती रूम मीटरची आहे हे बहुतेक जण विसरले होते. आत मागच्या वर्षीच्या मखराचा सांगाडा, रंगाचे अर्धवट डबे, सोसायटीच्या निवडणुकीचा बॅनर, कुणाच्या तरी मुलाची तीनचाकी सायकल आणि क्रिकेटचे दोन स्टंप. तिसरा स्टंप आजोबांच्या हातात होता, ते त्याने बोट न लावता दाखवत होते. पॅनेलमध्ये न्यूट्रलची जाड केबल, टोकाला लग, लगमधून गेलेला बोल्ट. बोल्टवर खाऱ्या हवेने पांढरी-हिरवी बुरशी धरावी तसा थर. केबलचं आवरण वितळून बोटभर मागे सरकलेलं. वायरमनने पान्याने नुसतं टेकवलं, तर लग हलला.

"इथून घुर्र असा आवाज येत असेल ना, बऱ्याच दिवसांपासून?"

"येत होता की," सेक्रेटरी म्हणाले. "आम्हाला वाटलं, मीटर फिरतायत."

मीटर डिजिटल होऊन जमाना झाला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. वायरमनने लग कापला, नवा चेपून बसवला, पट्टी घासली, नवा बोल्ट आणि वॉशर घालून आवळला. त्याच्यासाठी आणलेला चहा अजून गरम होता. आमच्या सगळ्या घरांतले स्पाइक गार्ड एका तागडीत घातले असते तरी त्या एका बोल्टाचं काम त्यांच्याने झालं नसतं.

मग तो अर्थिंग बघायला मागच्या अंगणात गेला, कारण सर्जवाल्यातल्या तीनपैकी दोन चकत्यांना लोंढा टाकायला जमीन लागते. अर्थिंगचा खड्डा एका कुंडीखाली सापडला. जुन्या पद्धतीच्या अर्थिंगमध्ये खाली धातूची पट्टी पुरतात, भोवती मिठाचे आणि कोळशाचे थर देतात, आणि ओल राहावी म्हणून वरून पाणी ओततात. सासूबाई गॅलरीतून ऐकत होत्या. मीठ, कोळसा, पाणी. "अगो, ही बिल्डिंगची दृष्टच की!" त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याला इतकी वर्षं जे समजावता आलं नव्हतं ते त्यांना पटलं. तेव्हापासून त्या दर अमावास्येला खाली बादलीभर पाणी ओतायला लावतात. वायरमन म्हणतो, उन्हाळ्यात आठवड्याला ओता. तेवढं सोडलं तर दोघांचं एकमत आहे.

घरात परत आल्यावर त्याने आमच्या मिक्सरचा प्लग बघितला आणि कपाळाला हात लावला. तीन पिनांच्या प्लगमधली वरची पिन इतर दोघींपेक्षा लांब आणि जाड असते. ती सॉकेटमध्ये सगळ्यांच्या आधी शिरते आणि सगळ्यांच्या शेवटी बाहेर पडते, म्हणजे वीज येण्याआधी जमिनीशी नातं जुळलेलं असतं. आणि दोन पिनांच्या बोर्डात प्लग बसेना झाला की लोक पक्कड घेऊन नेमकी तीच कापतात.

रविवारी सोसायटीची सभा झाली. विषय पहिला, गेटवरच्या नावाच्या पाटीला एलईडी लावणे. तो पाच मिनिटांत एकमताने मंजूर. विषय दुसरा, मीटर रूम. वायरमनचं बिल किरकोळ होतं, पण आजोबांचं म्हणणं होतं, की आता सगळं पॅनेलच बदलून घ्यावं, नवीन अर्थिंग करावं आणि अख्ख्या बिल्डिंगला मिळून एकच चांगला सर्ज प्रोटेक्टर खालीच बसवावा. खर्च सगळ्यांनी वाटून घ्यावा.

"आमचं काही जळलं नाही," पहिल्या मजल्यावरचे एसीवाले म्हणाले. "आम्ही का भरायचं?"

"तुमच्या एसीमुळेच आमचा टीव्ही गेला!" तिसऱ्या मजल्यावरचे काका उठले. "तुम्ही जरा कमी लावलं असतं तर!"

"कमी? अहो, तुम्ही जरा जास्त लावायला हवं होतं!"

सगळे आजोबांकडे बघायला लागले. आजोबा खूप वेळ गप्प बसले आणि मग नाइलाजाने म्हणाले, "शास्त्राप्रमाणे त्यांचं बरोबर आहे."

यावर सभा तहकूब झाली. वायरमनचं बिल खजिनदारांनी 'गणेशोत्सव व इतर' या खात्यात टाकलं. पॅनेलचा विषय वार्षिक सभेकडे गेला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मात्र तोवर स्वतःपुरता बंदोबस्त करून ठेवलाय. घरातला दिवा जरा लुकलुकला, की ते गिझर, इस्त्री आणि नवा घेतलेला एसी एकदम लावतात आणि शांतपणे बसून राहतात. गेल्या महिन्याचं लाइटचं बिल घेऊन ते काल सेक्रेटरींकडे गेले होते. ते सोसायटीने भरावं, असं त्यांचं म्हणणं आहे.